स्फटिकावर उष्णतेचे संस्कार

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे: उच्च तापमानाच्या अतिवाहक स्फटिकांवर उष्णतेच्या प्रक्रियेचा परिणाम. पण त्यातला प्रश्न साधा आहे. एकाच कच्च्या मालापासून, एकाच भट्टीत तयार झालेले दोन काळे स्फटिक घ्या. एक भट्टीतून लालबुंद असतानाच बाहेर ओढला आणि झटकन गार केला. दुसरा ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश गार होऊ दिला. आता दोन्ही द्रव नायट्रोजनमध्ये बुडवा. दुसरा स्फटिक विजेला अजिबात विरोध करत नाही. पहिला मात्र वीज धड वाहूनही नेत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मग फरक पडला कुठं?

आधी थोडी पार्श्वभूमी. १९११ साली हॉलंडमधल्या लायडन इथं कामरलिंग ओन्स यांना असं आढळलं की पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास गार केला की त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा होतो. हीच अतिवाहकता. पुढची पंचाहत्तर वर्षं हे प्रकरण अतिशीत तापमानातच अडकून राहिलं, कारण एवढी थंडी राखायला द्रव हेलियम लागतो आणि तो महाग असतो. आपल्या नगरमध्ये एखाद्या रुग्णालयात एमआरआय काढायला गेलात, तर त्या मशीनच्या पोटात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं बहुधा याच द्रव हेलियमच्या थंडीत बसलेलं असतं.

१९८६ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्त्स आणि म्युलर यांना लँथॅनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात ३० केल्विनच्या वर अतिवाहकतेची चिन्हं दिसली. लगेच पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत वू, चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथॅनमच्या जागी इट्रियम घातलं आणि तापमान थेट ९३ केल्विनवर गेलं. हा आकडा का महत्त्वाचा? द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. म्हणजे आता महागड्या हेलियमची गरज उरली नाही. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये भट्ट्या पेटल्या. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र इथले गटही त्याच वर्षी या संयुगांच्या मागे लागले.

एक-दोन-तीन आणि न मोजलेला ऑक्सिजन

या संयुगाचं टोपणनाव 'एक-दोन-तीन'. एक भाग इट्रियम, दोन भाग बेरियम, तीन भाग तांबं. कृती ऐकायला स्वयंपाकासारखी आहे. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड मोजून घ्यायचं, खलात भरपूर घोटायचं, ९०० ते ९५० अंशांना भाजायचं, पुन्हा घोटायचं, वड्या दाबायच्या, पुन्हा भाजायच्या. तीनही धातू तराजूवर मोजता येतात. चौथा घटक, ऑक्सिजन, तराजूवर मोजून घालता येत नाही. तो किती आत जाणार हे भट्टी ठरवते, आणि सगळा खेळ नेमका त्याच्यावर आहे.

रेणुसूत्रात ऑक्सिजनचा आकडा ६ पासून ७ पर्यंत कुठंही असू शकतो. ६ च्या जवळ असेल तर पदार्थ विद्युतरोधक. साधारण ६.४ पर्यंत अतिवाहकतेचं नाव नाही. ६.६ च्या आसपास ती सुमारे ६० केल्विनला येते. ६.९ च्या वर गेलात की ९० केल्विन. आता हिशेब करा: ६ वरून ७ वर जाताना वजनात किती भर पडते? शंभर ग्रॅमला जेमतेम अडीच ग्रॅम. एवढ्याशा हवेवर विद्युतरोधकाचा अतिवाहक होतो.

हा जादा ऑक्सिजन बसतो कुठं? या स्फटिकात तांबं आणि ऑक्सिजन यांचे सपाट थर असतात. खरी अतिवाहकता तिथं घडते. त्या थरांच्या वर-खाली तांबं-ऑक्सिजनच्या साखळ्या असतात. ६ ला या साखळ्या रिकाम्या, ७ ला पूर्ण भरलेल्या. साखळीत बसलेला ऑक्सिजन शेजारच्या सपाट थरांतले काही इलेक्ट्रॉन ओढून घेतो. थरात रिकाम्या जागा होतात, त्यांना भौतिकीत होल म्हणतात, आणि विजेचं वहन त्यांच्यामुळे सुरू होतं. गोदामात माल भरला की दुकानात हालचाल सुरू होते, तसं काहीसं. माल ठेवला गोदामात, परिणाम दिसला दुकानात.

भट्टीतली ओढाताण

आता मूळ मुद्दा. ऑक्सिजन आत भरायचा तर स्फटिक कितीही तापवून चालेल का? नाही. इथं दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

पहिली गोष्ट: तापमान जितकं जास्त, तितका ऑक्सिजन स्फटिकातून बाहेर पडायला बघतो. ९०० अंशांना, ऑक्सिजनच्या प्रवाहातसुद्धा, हा आकडा ६ च्या थोडाच वर राहतो. ४०० ते ४५० अंशांना तो ६.९ च्या पुढे जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट: तापमान जितकं कमी, तितकी ऑक्सिजनची आतली हालचाल मंद. खोलीच्या तापमानाला तो आत शिरतच नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणजे जिथं भरपूर जागा आहे तिथं चालता येत नाही, आणि जिथं पळता येतं तिथं बसायला जागा नाही. म्हणून मधली खिडकी शोधावी लागते: साधारण ४०० ते ५०० अंश. त्या तापमानाला, ऑक्सिजनच्या वातावरणात, धीर धरून ठेवायचं. आपल्या एमआयडीसीतले कारागीर ज्याला अनीलिंग म्हणतात, तीच ही प्रक्रिया. फक्त इथं धातूतला ताण घालवायचा नसतो, एक घटक आत भरायचा असतो.

भट्टीतून पटकन ओढलेल्या स्फटिकाचं काय झालं, ते आता कळेल. ९०० अंशांना जो कमी ऑक्सिजन होता, तोच आत गोठून राहिला. आत शिरायला त्याला वेळच मिळाला नाही.

लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा लाल पोलाद पाण्यात बुडवून कडक करतो. उलट, कथिल जास्त असलेलं कासं तसंच तापवून पाण्यात बुडवलं तर त्याचा ठिसूळपणा कमी होतो. आणि आपला एक-दोन-तीन असाच झटकन गार केला तर अतिवाहकताच हरवतो. 'झटकन गार करणं' ही क्रिया एक, पण तीन पदार्थांत तिचे परिणाम तीन. म्हणून उष्णतेच्या प्रक्रियेचा सर्वसाधारण नियम विचारू नये. कोणत्या पदार्थात, कोणता घटक, कोणत्या तापमानाला हलतो, हे विचारावं.

वडी आणि स्फटिक

भाजलेली वडी म्हणजे असंख्य बारीक कणांचा समूह. त्यात फटी असतात, त्यामुळे ऑक्सिजन काही तासांत सगळीकडे पोचतो. एकसंध स्फटिकाची गोष्ट निराळी. तो वाढवायची रीत खडीसाखरेसारखी आहे. दाट पाक सावकाश गार होऊ दिला की दोऱ्यावर मोठे खडे धरतात. इथं पाक म्हणजे बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडचा १००० अंशांच्या आसपासचा रस. तो तासाला काही अंश, कधी त्याहूनही मंद गतीनं गार करायचा. मग काही मिलिमीटरचे चपटे, चकचकीत काळे स्फटिक मिळतात. हा रस इतका खट्याळ की तो ज्या मुशीत ठेवाल तिलाच खातो. ॲल्युमिनाची मूस वापरली तर ॲल्युमिनियम स्फटिकात शिरतं आणि तांब्याची जागा घेतं. १९९० च्या दशकात जिनिव्हाच्या संशोधकांनी बेरियम झिर्कोनेटच्या मुशी केल्या, तेव्हा कुठं फार शुद्ध स्फटिक मिळू लागले.

असा घट्ट स्फटिक ऑक्सिजननं भरायला दिवस, कधी आठवडे लागतात. इथं एक हिशेब लक्षात ठेवा: अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट अंतराला नऊपट. शिवाय ऑक्सिजन थरांच्या दिशेनं बऱ्यापैकी सरकतो, पण थर ओलांडून जाणं त्याला फार जड जातं. घाई केली तर बाहेरची साल ९० केल्विनची आणि गाभा ६० चा, असा अर्धाकच्चा स्फटिक हाती येतो. भाकरी वरून भाजलेली आणि आत कच्ची राहावी तसा.

आणखी एक गंमत. गरम असताना या स्फटिकाची जाळी चौरस पायाची असते. ऑक्सिजन भरत गेला आणि साखळ्या एका दिशेनं जुळल्या की पाया किंचित लांबट होतो. दोन बाजूंतला फरक दोन टक्क्यांहूनही कमी. पण कोणती बाजू लांब व्हायची, हे स्फटिकाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळं ठरतं. परिणामी स्फटिकात पट्टे पडतात. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते पट्टेरी सतरंजीसारखे स्पष्ट दिसतात. यांना जुळे भाग म्हणतात. साखळ्यांच्या दिशेनं वीज कशी वाहते हे मोजायचं असेल तर हे पट्टे नकोत. मग स्फटिक पुन्हा ४०० अंशांच्या आसपास तापवतात आणि एका बाजूनं हलकेच दाबतात. दाबलेल्या दिशेला आखूड बाजू येते आणि पट्टे विरतात. जास्त दाबला तर स्फटिक फुटतो, आणि त्याबरोबर काही आठवड्यांची मेहनत.

उष्णता जास्त झाली तर? १०१० अंशांच्या आसपास एक-दोन-तीन मोडतो. त्याच्यातून एक हिरवा पदार्थ आणि रस वेगळा होतो. वू आणि चू यांच्या पहिल्या नमुन्यातही काळ्याबरोबर हिरवे कण होते, आणि अतिवाहक कोणता, काळा की हिरवा, हे आधी शोधावं लागलं. पुढं याच हिरव्या कणांचा उपयोगही झाला: मोठ्या ठोकळ्यांत ते बारीक विखुरले तर चुंबकीय रेषा त्यांच्यापाशी अडकून बसतात आणि ठोकळा जास्त प्रवाह पेलतो.

घटक तेच, मांडणी वेगळी

आतापर्यंत तुम्ही म्हणाल, सर, फरक ऑक्सिजनच्या प्रमाणाचा आहे, यात एवढं विशेष काय? १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत झालेलं काम ऐका. त्यांनी ६.४१ च्या आसपास ऑक्सिजन असलेला नमुना द्रव नायट्रोजनमध्ये टाकून एकदम गार केला. त्यात अतिवाहकता नव्हती. मग तो नुसता खोलीच्या तापमानाला ठेवून दिला. काही दिवसांत त्यात अतिवाहकता उमटली आणि तिचं तापमान सुमारे २० केल्विनपर्यंत चढलं.

खोलीच्या तापमानाला ऑक्सिजन आत येत नाही, बाहेर जात नाही. म्हणजे प्रमाण तेच राहिलं. बदललं काय? आत विस्कटलेले अणू हळूहळू सरकून साखळ्यांमध्ये जुळले. एसटीत तेवढीच माणसं, पण कशीही बसलेली असताना उभं राहायला जागा नाही, आणि सरकून बसली की जागा होते. लांब साखळ्या थरांतले इलेक्ट्रॉन जास्त ओढतात. म्हणून निव्वळ यादीवरून पदार्थ ओळखता येत नाही. त्याची मांडणी कशी आहे आणि ती कोणत्या वाटेनं आली, हेही विचारावं लागतं.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला इथं एक जुना वाद आठवणं साहजिक आहे. कच्चं मडकं काळपट, भाजल्यावर लाल. रंग बदलला तो नेमका कशात? वैशेषिक म्हणाले, अग्नीनं मडक्याचे परमाणू सुटे होतात, रंग परमाणूंत बदलतो आणि मग ते पुन्हा जुळतात. हा पीलुपाक, पीलु म्हणजे परमाणू. नैयायिक म्हणाले, मडकं मोडत नाही. त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, अग्नी त्यातून आत जातो आणि आख्ख्या मडक्यातच बदल घडतो. हा पिठरपाक, पिठर म्हणजे भांडं.

आपल्या पूर्वजांना अतिवाहकता ठाऊक होती, असा निरोप कृपा करून कोणी पुढं पाठवू नका. ठाऊक नव्हती. पण त्यांनी विचारलेला प्रश्न पक्का होता: तापवल्यावर गुण बदलतो तेव्हा वस्तू मोडून नवी होते, की तीच राहून बदलते? आजच्या स्फटिकात दोन्ही उत्तरं सापडतात. ४५० अंशांना सांगाडा जागेवर राहतो, ऑक्सिजन आत शिरतो आणि गुण पालटतो. १०१० च्या वर सांगाडाच मोडतो आणि नवा पदार्थ होतो. वाद तर्कानं सुटला नसता. तापमान मोजावं लागलं.

आणि सगळ्यांना ऑक्सिजन हवाच असतो, असंही समजू नका. १९८९ साली जपानमध्ये तोकुरा, ताकागी आणि उचिदा यांनी निओडिमियम, सिरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडचा अतिवाहक दाखवला. त्याची कथा बरोबर उलटी. तो तयार होतो तेव्हा अतिवाहक नसतो. त्याला ऑक्सिजन कमी असलेल्या वातावरणात तापवून थोडासा ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो, तेव्हा तो जागा होतो.

बातमी कशी वाचावी

हे सगळं सामान्य माणसानं का समजून घ्यायचं? दोन उदाहरणं देतो.

पहिलं आपल्या मुंबईचं. टाटा संस्थेत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मजुमदार आणि सहकारी इट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या संयुगावर काम करत होते. १२ केल्विनच्या आसपास अतिवाहकतेची एक क्षीण खूण दिसली. निकेलच्या मिश्रधातूत अतिवाहकता हीच मुळात नवलाची गोष्ट. त्यांनी डंका पिटला नाही. खूण क्षीण आहे, म्हणजे नमुन्यातल्या एखाद्या लहान भागातून ती येत असणार, असा तर्क धरून ते शोधत गेले. तो भाग कार्बनमुळे होता. मुद्दाम कार्बन घातल्यावर अतिवाहकता भरघोस झाली. १९९४ साली हे काम प्रसिद्ध झालं आणि बोरोकार्बाइड नावाचं नवं घराणं जगाला मिळालं.

दुसरं उदाहरण जुलै २०२३ चं. दक्षिण कोरियातून बातमी आली: एलके-९९ नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानाला अतिवाहक आहे. बंद नळीत ९२५ अंशांना भाजून तो तयार केला होता. व्हॉट्सॲपवर नुसता पूर आला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं तो करून पाहिला, अतिवाहकता मिळाली नाही. पुढं कळलं की भाजताना नमुन्यात कॉपर सल्फाइडही तयार होतं, आणि १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची रचना बदलताना रोध एकदम पडतो. त्या घसरणीचा अर्थ अतिवाहकता असा लावला गेला होता. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत त्याचे शुद्ध स्फटिक वाढवले, तर ते जांभळे, पारदर्शक आणि विद्युतरोधक निघाले.

बघा, दोन्हीकडे सुरुवात एकच: भट्टीतून निघालेल्या मिश्र नमुन्यात एक अनपेक्षित खूण. एका ठिकाणी 'ही खूण नमुन्यातल्या नेमक्या कोणत्या भागाची?' हा प्रश्न आधी विचारला गेला. दुसरीकडे तो नंतर, इतरांनी विचारला. म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी आली की तीन गोष्टी बघा. नमुना शुद्ध स्फटिक आहे की मिश्रण? तो कसा तापवला, कशात गार केला, हे पूर्ण सांगितलंय का? आणि दुसऱ्या कोणाच्या भट्टीतून तोच गुण निघाला का?

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रश्न: आमच्या महाविद्यालयात हा प्रयोग करता येईल का?*

वडी करता येईल. नळीची भट्टी, ऑक्सिजनचं सिलिंडर, द्रव नायट्रोजन आणि एक लहान चुंबक एवढं लागतं. वडी गार झाली की चुंबक तिच्यावर तरंगतो. पण बेरियमची संयुगं विषारी आहेत, बेरियम कार्बोनेट उंदरांच्या विषात वापरत असत. तेव्हा हातमोजे, मास्क आणि जाणकार शिक्षक सोबत असल्याशिवाय नको. तयार वडी दमट हवेत ठेवू नका, पाण्यानं ती खराब होते. एकसंध स्फटिकाचा नाद मात्र पहिल्याच वर्षी नको.

*प्रश्न: मग याचा उपयोग झाला का, की हे प्रयोगशाळेतच राहिलं?*

झाला, पण वाटलं होतं त्याहून सावकाश. हा पदार्थ ठिसूळ. त्याची तांब्यासारखी तार ओढता येत नाही. आता धातूच्या लवचीक पट्टीवर त्याचा एक-दोन मायक्रॉनचा थर चढवतात. अशा पट्ट्यांपासून शक्तिशाली चुंबक आणि केबल बनतात. इतक्या पातळ थराला ऑक्सिजन भरायला आठवडे लागत नाहीत, कारण अंतर कमी की वेळ वर्गानं कमी. पण ती पायरी चुकवता येत नाही. शेकडो मीटर पट्टीत कुठं दोन सेंटिमीटर कमी ऑक्सिजनची राहिली, तर सगळ्या पट्टीचा प्रवाह त्या दोन सेंटिमीटरांवर अडतो. भट्टीत दिलेला वेळ शेवटी तिथं कामी येतो.